माशांच्या खाद्यातलं हॉर्मोन आणि माझी मुदत ठेव

मंडळी, शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या ह्या बाईंना आता माशांच्या खाद्यात काय दिसलं? प्रश्न रास्त आहे. मासा म्हणजे काय, तर सोलकढीबरोबर ताटात येतो तो, एवढंच माझं मत्स्यज्ञान. पण गेलं वर्षभर आमच्या घरात माशांशिवाय दुसरा विषय नाही. आणि त्यात माझी एक लाखाची मुदत ठेव गुंतायची वेळ आली, तेव्हा चष्मा पुसून वाचायला बसणं भाग पडलं.

तर झालं असं. माझा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी देवगडकडच्या आमच्या गावी परत आला. खाडीकाठी वडिलार्जित घर, मागे जुना गोठा. गोठ्यात गुरं नाहीत, म्हणून त्याने तिथे काचेच्या टाक्या मांडल्या. कशासाठी? तर समुद्रातले शोभेचे मासे वाढवायला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा तुम्ही पाहिला असेलच. विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश. नातवंडं असलेल्यांना 'निमो' म्हटलं की लगेच कळेल.

कल्पना हवेतली नाही हो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांत ह्या माशांची पैदास करून दाखवलेली आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी उभी राहिली. आणि ह्या कामाची गरजही आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक सगळे शेततळ्यांत, टाक्यांत वाढवलेले असतात, पण खाऱ्या पाण्यातले बहुतेक अजूनही थेट प्रवाळाच्या खडकांतून पकडून आणतात. फिलिपीन्स, इंडोनेशियाकडे तर मासा गुंगावा म्हणून सायनाइड फवारून पकडायची वाईट चाल पडली, त्यात मासाही मरतो आणि प्रवाळही. तेव्हा गोठ्यात जन्मलेला एक मासा म्हणजे समुद्रात सुखाने राहिलेला एक मासा, असा सरळ हिशोब.

पुतण्याने हॅचरीतून सहा अर्धवट वाढलेले मासे आणले, तीन टाक्यांत दोन-दोन ठेवले. तो दसरा होता. दिवाळी गेली, शिमगा गेला, आंबे उतरले, पण अंड्यांचा पत्ता नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतच होता. मग कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला कोणीतरी सल्ला दिला आणि एक पांढऱ्या पावडरीची बाटली घरी आली. मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काकी गो, ही खाद्यात मिसळली की दोन महिन्यांत अंडी, असां म्हणतत." बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना प्रमाण. आणि त्याच दमात, आणखी चार टाक्यांसाठी लाखभर रुपये देशील का, अशी विचारणा.

सूनबाई दारात उभी होती. तीच रोज माशांचं खाद्य कालवते. ती एवढंच म्हणाली, "मी ती पावडर हातात घेवचंय नाय." घरात दोन दिवस अबोला.

आता मी काय करावं? 'हॉर्मोन' शब्द ऐकल्यावर नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. गेली अकरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, ते हॉर्मोनच. आमचे हे होते तेव्हा दोन वेळा इन्शुलिनचं इंजेक्शन मीच त्यांना टोचायची, तेही हॉर्मोनच. तेव्हा एकदा डॉक्टरांना विचारलं होतं, माझं औषध गोळीत मिळतं, मग ह्यांचं का नाही? त्यांनी समजावलं होतं, की इन्शुलिन हे प्रथिनाच्या जातीचं. तोंडाने घेतलं तर पोट ते वरणभातासारखं पचवून टाकेल. थायरॉइडचं तसं नाही, ते आतड्यातून रक्तात शिरतं.

ही गोष्ट मला माशांबद्दल वाचताना फार उपयोगी पडली. माशाच्या शरीरातही निरोपांची एक साखळी असते. दिवस किती मोठा, पाणी किती ऊबदार, पोट भरलंय का, शेजारी कोण आहे, हे सगळं आधी मेंदू पाहतो. मग मेंदूतून एक संप्रेरक निघून पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो, ती ग्रंथी आपली संप्रेरकं सोडून अंडाशयाला कळवते, आणि अंडाशय इस्ट्रोजेन तयार करून यकृताला सांगतं, की अंड्याच्या बलकाचा माल बनवायला घे. ह्यातली वरची संप्रेरकं, मेंदूची आणि पीयूषिकेची, इन्शुलिनच्या जातीची. खाद्यातून दिली तर बरीचशी पचूनच जातात, म्हणून ती टोचतात. खालची, म्हणजे अंडाशय-वृषणाची संप्रेरकं स्टेरॉइड जातीची. ती खाद्यातून देता येतात, कुटुंब नियोजनाच्या गोळ्या पोटातून काम करतात तशीच. तेव्हा खाद्यात पावडर मिसळून काही घडतच नाही, असं नाही. घडतं. बोटाएवढ्या माशाला पकडून सुई टोचण्यापेक्षा खाद्य बरं, हेही खरं.

आणि संप्रेरकांनी आपल्या देशाचं केवढं भलं केलंय ते इतिहासाच्या बाईने सांगायलाच हवं. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. तळ्यात ते मोठे होतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचा पूर लागतो. त्यामुळे मत्स्यशेती करणाऱ्याला नदीतून बीज गोळा करावं लागे, त्यात भलत्याच माशांची पिल्लं मिसळलेली. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी माशांच्या डोक्यातली पीयूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क टोचला आणि ह्या नदीतल्या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. मी तेव्हा सहा वर्षांची, बिगरीतून नुकती पहिलीत गेलेली. आज बाजारात जो रोहू-कटला दिसतो त्याच्यामागे हे काम आहे, आणि म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. आपला जिताडासुद्धा चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेत १९९७ साली संप्रेरकाच्या मदतीनेच बंदिस्त जागेत व्याला. टिलापियाचं उदाहरण तर खाद्याचंच. त्याच्या माद्या लवकर पिल्लं घालतात आणि तळं बारक्या माशांनी भरून जातं, म्हणून अगदी लहानपणी तीन-चार आठवडे किलोमागे साधारण ६० मिलिग्रॅम नराचं संप्रेरक घातलेलं खाद्य देऊन सगळे नरच करतात.

म्हणजे पुतण्याचं चुकलं कुठे? मला वाटतं, मासा ओळखण्यात.

रोहूला तळ्यात पूर सापडत नाही, म्हणून पुराचा निरोप बाहेरून द्यावा लागतो. क्लाउनफिशला असं काही कमी नसतं. तो टाकीत, कुठलंही इंजेक्शन न घेता, कौलाच्या तुकड्यावरसुद्धा अंडी घालतो. त्याचं अडतं ते जोडीपाशी. आणि ह्या माशाची जोडी जमणं हा मोठा गमतीचा प्रकार आहे.

हे मासे समुद्रफुलाच्या विषारी झुपक्यात राहतात. एका फुलात एक छोटं कुटुंब, सगळ्यांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तो नर, बाकीचे सगळे बारके आणि अविवाहित. जन्मतः मादी कोणीच नसते. मादी मेली तर तो नर हळूहळू मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा बारका बढती मिळून नर होतो! हे १९७७ साली फ्रिके ह्या नावाच्या शास्त्रज्ञ जोडीने प्रसिद्ध केलं. (म्हणजे सिनेमातल्या निमोची आई गेल्यावर त्याच्या बाबाचं खरं तर काय व्हायला हवं होतं, ते नातवंडांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.) पुढे २००३ साली पीटर बस्टन ह्या संशोधकाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पाहिलं, की खालचा मासा आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर घराबाहेर हाकलला जाईल, ही भीती. आणि २०१९ साली अमेरिकेतल्या इलिनॉयच्या शास्त्रज्ञांनी दोन-दोन नर एकत्र ठेवून तपासलं, तर वरचढ ठरलेल्याचा मेंदू आधी मादीचा झाला, सहा महिन्यांच्या आत. अंडाशय तयार व्हायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ.

हे वाचलं आणि मी थबकलेच. म्हणजे 'तू आता घरातली मोठी' हा निरोप आधी शेजाऱ्याच्या वागण्यातून मिळतो, मग मेंदूत मुरतो आणि शेवटी अंडाशयापर्यंत पोचतो. पावडर ह्या साखळीच्या शेवटच्या कडीला जाऊन धक्का देणार. मधली माणसं, माफ करा, मधले मासे अजून ठरायचेच आहेत! आणि बाहेरून संप्रेरक सारखं येऊ लागलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं कमी करतं. जास्त झालं तर मासा वांझही होऊ शकतो. इन्शुलिनचे दोन युनिट जास्त गेले तर काय होतं, ते मी रात्री दोन वाजता साखर शोधत अनुभवलेलं आहे. प्रमाण ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ह्या बाटलीवर तर ते छापलेलंच नव्हतं.

मग एका सकाळी मी टाक्यांपुढे खुर्ची टाकून बसले. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते पाहायची सवय आयुष्यभराची. सूनबाईने खाद्य टाकलं. पहिल्या टाकीत मोठा मासा पुढे, धाकटा मागे. मोठ्याने वळून पाहिलं की धाकटा अंग थरथरवायचा, जणू 'चुकलो, चुकलो' म्हणत. दहा कणांतले सात मोठ्याच्या पोटात. दुसऱ्या टाकीत दोघे सारख्याच आकाराचे, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, एकाचं शेपूट फाटलेलं. तिसऱ्या टाकीत दोघे दोन कोपऱ्यांत, भांडण नाही पण बोलणंही नाही.

मी पुतण्याला एवढंच विचारलं, "आता सांग, ह्या पावडरीतलं कोणाच्या पोटात किती जाणार?" गोळी मी घेते तेव्हा एक गोळी एका माणसाला. इथे मोठा खाणार जास्त, धाकटा कमी, आणि उरलेलं पाण्यात विरघळणार. ते पाणी बदललं की जाणार कुठे? परसातून खाडीत. ही असली पावडर हातमोज्यांशिवाय हाताळू नये, कातडीतूनही अंगात जाते, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईने तर लांबच राहावं, हेही त्याला वाचून दाखवलं. सूनबाईने आधीच सांगितलं होतं ते, न वाचता. तिला कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

ह्यावर तो चिडला नाही, पण म्हणाला, "मग हप्त्याचा काय करू?" ह्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं. हप्ता खराच होता.

आमच्या शाळेत परीक्षा जवळ आली की मुलं 'अपेक्षित' घेऊन बसायची, तुम्हालाही आठवत असेल. अपेक्षित वाचून पास झालेली कितीतरी मुलं मी पाहिली, त्यात वाईट काही नाही. पण ज्याला अजून वाचताच येत नाही त्याच्या हातात अपेक्षित देऊन काय होणार? आधी कुठे अडलंय ते पाहायला नको?

मग आम्ही तिघांनी बसून, कुठे अडलंय, ह्याची यादी केली. एक, जोड्या. भांडणारे दोघे वेगळे केले आणि प्रत्येकाजवळ एकेक लहान मासा आणून सोडला. लहान असला की तो मुकाट्याने खालची जागा घेतो. दोन, खाणं. पुतण्या पाकिटातलं कोरडं खाद्य दिवसातून एकदा द्यायचा. पण अंड्याच्या बलकाचा माल यकृत बनवतं तो आलेल्या अन्नातूनच ना! समुद्री माशाला समुद्रातली स्निग्धं लागतात. म्हणून कोळंबी, तिसऱ्या, माकूळ आणि माशांची गाबोळी बारीक चिरून, थोडं थोडं, दिवसातून तीन वेळा. हे खातं सूनबाईचं. (ती म्हणाली, आमच्याहून मासेच बरं खातात.) तीन, पाणी. पावसाळ्यात खाडी गोडी होते, तेव्हा मे महिन्यातच समुद्राचं पाणी भरून, गाळून ठेवायचं. तापमान २७-२८ अंश, दिवा रोज ठरल्या वेळी लावायचा आणि मालवायचा.

आणि चार, सगळ्यांत महत्त्वाचं. अंडी आली असती तर पुढे काय? ह्या माशाची अंडी सहा-आठ दिवसांनी, काळोख पडल्यावर फुटतात. बाहेर येणारं पिल्लू डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं. त्याला खायला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव लागतात, रोटिफरला खायला हिरवं शैवाल, आणि ते सगळं पिल्लं यायच्या आधीपासून तयार हवं. आयत्या वेळी दुकानात मिळत नाही. 'डोरी' म्हणून जो निळा मासा आहे तो फ्लोरिडाच्या विद्यापीठात २०१६ साली पहिल्यांदा टाकीत जन्मून मोठा झाला, त्याला इतकी वर्षं लागली ती मुख्यतः पिल्लं जगवण्यापायीच. पुतण्याकडे तर रोटिफरची बादली सोडाच, शैवालाची बाटलीसुद्धा नव्हती! पावडरीने दोन महिन्यांत अंडी आली असती तरी नवव्या दिवशी टाकी रिकामी.

म्हणून मी ठेव मोडली. पण चार नव्या टाक्यांसाठी नाही. चाळीस हजार दिले ते शैवाल आणि रोटिफरसाठी, हवेचा दुसरा पंप आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर ह्यांसाठी. बाकीच्या रकमेतून आठ महिन्यांचे हप्ते, म्हणजे त्याला वाट बघता यावी. माझ्या मुलाला हे फारसं पटलं नाही. "आई, तुझ्या औषधपाण्याचे पैसे ते," असं तो फोनवर म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. तो हे वाचतो, म्हणून इथेच सांगते, गोळ्यांपुरते आहेत शिल्लक.

मार्गशीर्षात एका सकाळी फोन आला. "काकी, कौलार अंडी दिसतत!" पहिल्या टाकीतली जोडी. नारिंगी ठिपक्यांचा रुपयाएवढा गोल, आणि धाकटा, म्हणजे नर, दिवसभर पंखाने वारा घालतोय. व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आवाज पडलेला. "खाल्ल्यानी गो सगळी." पहिली अंडी बऱ्याचदा आईबापच खाऊन टाकतात, असं मी वाचलं होतं, तसं सांगितलं. दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी आली. ती टिकली, चंदेरी झाली, आत डोळे दिसू लागले आणि आठव्या रात्री फुटली. दोनेकशे असावीत. सूनबाई रात्री उठून उठून रोटिफर घालत होती. पंधराव्या दिवशी अंगावर पांढरा पट्टा उमटलेली पिल्लं तिने मोजली. अकरा.

आता लगेच कोणी म्हणेल, बघा, पावडरीशिवाय झालं! तसं मी म्हणणार नाही. कदाचित त्या जोडीची वेळ तशीही भरत आली असेल. उरलेल्या दोन टाक्यांत अजून काही नाही. आणि उद्या एखाद्या मत्स्य संस्थेतल्या जाणत्या माणसाने मासा बघून, प्रमाण लिहून, अमुक इतके दिवस हे संप्रेरक द्या असं सांगितलं, तर मी स्वतः हातमोजे आणून देईन. शरीरात निरोप उठतच नसेल तेव्हा तो बाहेरून द्यावा, मीही रोज घेतेच की. पण तो का उठत नाही हे बघायच्या आधीच दिला तर माशावर अन्याय, आणि खाद्य कालवणारीवरही.

अकरा माशांनी हप्ता फिटत नाही, हे मला कळतं. आठातले पाच महिने गेले, तीन उरलेत. तिसरी अंडी परवा आली आहेत आणि ह्या वेळी रोटिफरच्या बादल्या दोनाच्या चार केल्यात. बाटली अजून कपाटात आहे, ती खाडीत किंवा मोरीत ओतायची नाही एवढं ठरलंय. तिची विल्हेवाट नेमकी कशी लावावी हे तुमच्यापैकी कोणी औषधशास्त्र शिकलेलं असेल तर जरूर कळवा. आणि हो, सूनबाईला मी एक वही दिली आहे, कोणत्या टाकीत कोणी किती खाल्लं ते लिहायला. अक्षर फार सुरेख आहे तिचं.